सिकणं, शिकणं

"गळ्यावर दोन बोटं ठेवा," मॅडम म्हणाल्या. "आता साधा ‘ब’ म्हणा. बोटांखाली गळा खाली सरकला? नाही ना? आता ओठ मिटा. हवा बाहेर टाकायची नाही. घोट गिळताना होतो तसा गळा खाली ओढा आणि मग ओठ उघडा."

खोलीत आम्ही नऊ जण होतो. नऊ गळ्यांतून नऊ तऱ्हेचे आवाज निघाले, पण हवा तो एकही नव्हता. मग मॅडमनी स्वतः म्हणून दाखवलं. त्यांचा गळा बोटांखाली सरकन खाली गेलेला समोरून दिसला आणि पाण्यात बुडबुडा फुटावा तसा एक गोल, आतल्या आत घुमलेला ‘ब’ ऐकू आला. फळ्यावर त्यांनी ‘ब’ काढला, त्याच्याखाली आडवी रेघ ओढली : ॿ. शेजारी दोन शब्द लिहिले. बारु म्हणजे ओझं. ॿारु म्हणजे मूल. "फरक एवढ्या एका रेघेचा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सगळ्यांना गळ्यावर बोटं ठेवायला लावली.

शनिवारची संध्याकाळ होती. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात एका मंदिराच्या माडीवर हा सिंधीचा वर्ग भरतो. खाली आरतीची तयारी चाललेली, रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न, शेजारच्या गाळ्यात शिलाई मशिनींची एकसुरी घरघर. ‘दूरचं गाव’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी कळवला तेव्हा मी बदलापूरच्या घरात बसून लांबलांबची गावं आठवत होते. रोजच्या लोकलमधून दिसणाऱ्या दोन-तीन स्टेशनांच्या अंतरावर एक अख्खं शहर अशा दूरच्या गावाकडे तोंड करून बसलं आहे, हे ध्यानात यायला मला दोन दिवस लागले. वीस वर्षं मी उल्हासनगरात फक्त लग्नसराईचे कपडे आणि फर्निचर घ्यायला उतरत होते. या वेळी भाषा ऐकायला उतरले.

बॅरेक नंबर

उल्हासनगरातला पत्ता वाचायला शिकावा लागतो. बॅरेक नंबर, खोली नंबर, सेक्शन आणि शेवटी कॅम्प : एक ते पाच. चार मजली इमारत उभी राहिली, खाली मोबाइलचं दुकान आलं, तरी पत्त्यात बॅरेक टिकून आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर सैन्याची छावणी होती. युद्ध संपलं, सैनिक गेले, लांबच लांब बराकी रिकाम्या पडल्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हिंदू कुटुंबांना सरकारने तिथे उतरवलं. कराचीत 6 जानेवारी 1948 ला दंगल झाली आणि तोवर थांबू म्हणणारेही निघाले. कुणी कराचीहून बोटीने मुंबईच्या धक्क्यावर, कुणी रेल्वेने जोधपूरमार्गे. छावणीत जवळपास लाखभर माणसं आली. एका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं, मध्ये भिंत म्हणून तरटाचे पडदे. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली, उल्हास नदीवरून गावाला नाव मिळालं.

वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या काकांचं कापडाचं दुकान आहे. त्यांच्या वडिलांनी लोकलच्या डब्यात गोळ्या-बिस्किटं विकून सुरुवात केली. "आम्हाला लोक शरणार्थी म्हणायचे," ते म्हणाले. "वडील म्हणायचे, शरणार्थी नाही, पुरुषार्थी म्हणा." काकांची मराठी चोख आहे, हिंदी दुकानापुरती खणखणीत आहे. सिंधी ते बोलतात, पण वाचता येत नाही. साठी उलटल्यावर ते पहिलीच्या पुस्तकापाशी बसले आहेत.

महाराष्ट्रात उल्हासनगर म्हटलं की लोकांना ‘मेड इन यूएसए’चा, म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’चा, जुना विनोद आठवतो. तो मीही लहानपणी ऐकला आणि पुढे सांगितला. त्या विनोदाने आपलं फार नुकसान केलं असं मला आता वाटतं. पाऊणशे वर्षं शेजारी राहणाऱ्या माणसांची नक्कल आपल्याला पाठ आहे, आणि त्यांच्या भाषेतलं एक वाक्य येत नाही. खरं तर एक शब्द आपल्याला न शिकताच येतो. पहिल्याच धड्यात फळ्यावर आलं : मुंहिंजो नालो अमुक आहे. माझं नाव अमुक आहे. हिंदीतला ‘है’ नाही, गुजरातीतला ‘छे’ नाही, चक्क आपला ‘आहे’. अंबरनाथहून येणारी बँकेतली एक मराठी मुलगी, तिचं लग्न सिंधी घरात ठरलं आहे, मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, आहे!" आणि वर्ग हसला. मग एकेक सापडत गेलं. आपल्या चा-ची-चे सारखंच सिंधीत जो-जी-जा फिरतं. मोहेंजोदडो या नावात तो ‘जो’ बसला आहे : मुअनि जो दड़ो, मेलेल्यांचा ढिगारा. ‘दोन’ला सिंधीत म्हणतात ‘ॿ’. आपण दोन म्हणतो, पण पाढे म्हणताना ‘बे एके बे’ करतो, तोच हा बे.

चार अक्षरं

देवनागरीत सिंधी लिहायला चार जास्तीची अक्षरं लागतात. ग, ज, ड, ब यांच्याखाली रेघ : ॻ, ॼ, ॾ, ॿ. चारही ध्वनी गळा खाली ओढून काढायचे. भारतातल्या मोठ्या भाषांत हे वैशिष्ट्य सिंधीचं. लहान मुलाला ते आईच्या मांडीवर येतं, मोठ्या माणसाला महिने लागतात. मॅडमची शिकवण्याची रीत साधी आहे. प्रत्येक अक्षराला एकच शब्द, तो घोटायचा.

ॻ, ॻोठु : गाव.
ॼ, ॼिभ : जीभ.
ॾ, ॾेहु : देश.
ॿ, ॿोली : भाषा.

मी वहीत हे चार शब्द एकाखाली एक लिहिले आणि काही वेळ तसेच बघत राहिले. मॅडमनी मुद्दाम निवडले होते का, हे मी वर्ग सुटल्यावर विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही हो, सोपे म्हणून घेतले. मुलांना घरात ऐकू येतात." मग थांबून म्हणाल्या, "यायचे."

घरात ऐकू येणं कमी झालं, हीच या वर्गाची गरज. उल्हासनगरात सिंधी माध्यमाच्या शाळा गजबजलेल्या होत्या, अशी एक पिढी अजून हयात आहे. मग पालकांनी इंग्रजी माध्यम धरलं, आजी-आजोबांनी नातवंडांशी हिंदीत बोलायला सुरुवात केली, सिंधीच्या तुकड्या रिकाम्या झाल्या. भाषेला राज्य नाही. मराठीला महाराष्ट्र आहे, पाट्या आहेत, सातबारा आहे, एसटीचं तिकीट आहे. सिंधीला भारतात एवढंसुद्धा रान नाही. 10 एप्रिल 1967 ला ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. तो दिवस इथे सिंधी भाषा दिवस म्हणून पाळतात. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 27 लाख 72 हजार लोकांनी सिंधी ही मातृभाषा सांगितली. राष्ट्रीय सिंधी भाषा विकास परिषद 1994 पासून काम करते आणि तिचे प्रमाणपत्र, पदविका असे अभ्यासक्रम गावोगावच्या अशाच खोल्यांतून चालतात. शिकणारे बहुतेक सिंधीच. आपलीच भाषा, परकी असल्यासारखी, वही-पेन्सिल घेऊन शिकणारे.

आणि त्यांतल्या बहुतेकांच्या मनात एक गाव आहे. मी एकेकाला विचारत गेले. शिकारपूर. लाडकाणा. सख्खर. हैदराबाद, सांगताना ‘सिंध हैदराबाद’ असं जोडून सांगतात, नाहीतर ऐकणारा तेलंगणात जातो. कॉलेजातल्या दोन मुलींनी तर गल्लीपर्यंत सांगितलं. त्यांच्या आईवडिलांचाही जन्म उल्हासनगरचा. पाहिलेलं कुणीच नाही.

क आणि ख

तिसऱ्या शनिवारी अंबरनाथच्या मुलीने फळ्यापाशी उभं राहून स्वतःची ओळख करून दिली. नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मां सिंधी सिकां थी."

तिला म्हणायचं होतं, मी सिंधी शिकते. मराठी माणूस ‘शिकणे’ म्हणतो, तेच तिने सिंधीच्या साच्यात ओतलं. पण सिंधीत शिकण्याला ‘सिखणु’ म्हणतात, ख हवा. ‘सिकणु’ असा क ने शब्द आहे, त्याचा अर्थ झुरणं, ओढ लागणं. ‘सिक’ म्हणजे आस. आजी म्हाताऱ्या झाल्या की माहेरासाठी लागते ती, परगावी गेलेल्या मुलासाठी आईला लागते ती.

मॅडमनी चूक लगेच सुधारली नाही. फळ्यावर दोन्ही शब्द वरखाली लिहिले, दोहोंमधला क आणि ख खडूने गोल केला. मग म्हणाल्या, "तुझं वाक्य पुरं करायला एक शब्द कमी पडतो, बस." आणि लिहिलं : सिंध लाइ सिकां थी. सिंधसाठी झुरते. ‘लाइ’ म्हणजे ‘साठी’.

कापडवाल्या काकांनी ते वहीत उतरवून घेतलं. सिखणु लिहिलं की नाही ते मला दिसलं नाही.

अरबी लिपीत हे दोन शब्द आणखी जवळ येतात. तिथे क आणि ख ही काफाचीच दोन रूपं आहेत, एक आडवं पसरलेलं, एक वर फाटा असलेलं. घाईत लिहिलं तर शिकणारा कोण आणि झुरणारा कोण, हे वाक्य वाचूनच कळायचं.

दोन लिप्या, एक दार

वर्गात पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारतात, कुठली लिपी? देवनागरी की अरबी? हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. फाळणीनंतर सिंधी साहित्यिकांत यावरून वर्षानुवर्षं दुफळी होती. जयरामदास दौलतराम देवनागरीच्या बाजूने उभे राहिले : मुलं हिंदी, मराठी शिकणारच आहेत, एक लिपी कमी शिकावी लागेल. दुसरी बाजू म्हणत होती, सगळं ग्रंथधन अरबी लिपीत आहे, ती सोडली तर नातू आजोबांचं पुस्तक उघडू शकणार नाही. सरकारने अखेर दोन्ही चालू ठेवल्या.

वादाचं मूळ जुनं आहे आणि त्याचा धागा आपल्या मुंबईत येतो. इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर 1847 ते 1936 असा जवळजवळ नव्वद वर्षं तो प्रांत मुंबई इलाख्यात होता. तेव्हा सिंधी लिहायची एक रीत नव्हती. मुसलमान विद्वान अरबी अक्षरं वापरत. हिंदू व्यापाऱ्यांची वाणिको लिपी वेगळी, आपल्या मोडीसारखी भराभर लिहायची, पण बहुधा काना-मात्रा न देता. त्यामुळे लिहिणाऱ्याखेरीज इतरांना वाचणं कठीण. कॅप्टन स्टॅकने सिंधीचं व्याकरण आणि कोश देवनागरीत केले. रिचर्ड बर्टनचं मत अरबीच्या बाजूने होतं. 1853 मध्ये 52 अक्षरांची अरबी-सिंधी लिपी ठरली आणि शाळांत गेली. पुढे हिंदूंच्या लिपीलाही प्रमाण रूप द्यायची खटपट झाली, तेव्हा त्या कामात नारायण जगन्नाथ वैद्य हे शिक्षण खात्याचे अधिकारी होते. कराचीतली 1855 ची सरकारी शाळा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते, एन. जे. व्ही. हायस्कूल. कराचीच्या मुख्य रस्त्यावर मुंबई इलाख्याच्या या अधिकाऱ्याचं नाव अजून आहे, हे मला या वर्गात कळलं. शाळेतल्या इतिहासात ते आलं नव्हतं.

बावन्न अक्षरं घोटणं कष्टाचं आहे. ‘स’ला तीन अक्षरं, ‘ज़’ला चार, कुठल्या शब्दात कुठलं, ते पाठच करायचं. एका खुणेवर चार-चार ठिपके. एक ठिपका हुकला की अक्षर बदललं. देवनागरी घेणारा दोन महिन्यांत वाचू लागतो. तरीही वर्गातल्या चौघांनी अरबी घेतली. का, असं विचारल्यावर तिशीतला एक इंजिनीअर म्हणाला, "तिथल्या पाट्या वाचायच्यात."

त्याच्या बोलण्यात हिशेब होता. देवनागरी सिंधी भारतात चालते. पण सिंधमधलं वर्तमानपत्र, दुकानाची पाटी, थडग्यावरचा मजकूर, आजोबांच्या घराचा दस्तऐवज हे सगळं अरबी लिपीत आहे. गूगलचं भाषांतराचं यंत्र सिंधी जाणतं तेही त्याच लिपीत. ज्याला नातेवाइकांशी बोलायचं आहे तो देवनागरी घेतो आणि त्याचं काम होतं. ज्याला जायचं आहे, तो बावन्न अक्षरं घेतो.

नऊशे किलोमीटर

मुंबईहून कराची सरळ रेषेत नऊशे किलोमीटरच्या आत आहे. दिल्ली त्याहून लांब. पण तिथे जायचा रस्ता कसा बंद होत गेला, हे इथल्या म्हाताऱ्यांना तारखांनिशी पाठ आहे. राजस्थानातल्या मुनाबावहून खोखरापारला जाणारी रेल्वे 1965 च्या युद्धात तुटली. कराचीतली भारताची वकिलात 1994 मध्ये बंद झाली. फेब्रुवारी 2006 मध्ये त्याच जुन्या मार्गावर थार एक्स्प्रेस सुरू झाली, तेव्हा कॅम्पातल्या घरांतून पिशव्या बांधल्या गेल्या. व्हिसा मिळे तो ठरावीक शहरांचा. गाडी तुमच्या गावावरून गेली तरी व्हिशावर त्या गावाचं नाव नसेल तर उतरता येत नसे. पोहोचल्यावर पोलिसांत हजेरी, निघताना पुन्हा. 2012 च्या करारात शहरांची संख्या वाढवून पाच केली, पासष्टीवरच्या माणसांसाठी अटारी-वाघा सीमेवरच व्हिसा द्यायचं ठरलं. ऑगस्ट 2019 मध्ये थार एक्स्प्रेस थांबली. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर अटारीचं नाकंही बंद झालं आणि सिंधू जलकरार स्थगित झाला.

यात बरोबर-चूक ठरवायला मी हा लेख लिहीत नाही. पहलगामच्या हल्ल्यात ज्यांची माणसं गेली त्यांत डोंबिवलीची घरंही होती, कल्याणच्या पुढेच ती. हल्ल्यानंतरच्या शनिवारची गोष्ट वर्गात कुणीतरी सांगितली : सगळे वेळेवर आले, धडा झाला, सिंधबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. इंजिनीअरने गृहपाठ दाखवला. मॅडमनी ठिपके तपासले.

बदलापूरला माझ्या इमारतीत एक नर्सिंगची मुलगी जर्मन शिकते. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून आमच्या भागात जर्मनच्या क्लासच्या पाट्या वाढल्या. पहाटेच्या लोकलला उभ्याने ती शब्दांची कार्डं पालटत जाते. ए-वन झालं, ए-टू झालं, बी-वन चालू आहे. परिचारिका म्हणून तिथे मान्यता हवी तर बी-टू लागतं. भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर परीक्षेची तारीख आहे. एका रात्री ती मला म्हणाली, "काकू, जर्मनमध्ये स्वप्न पडलं. कळलं काहीच नाही, पण आवाज तिथलेच होते." तिची ओढही खरी आहे. तिने पाहिलेलं नाही त्या गावातल्या ट्रामचे थांबे तिला पाठ आहेत. फरक इतकाच, की तिच्या शिकण्याला पलीकडचा काठ आहे. पायरी चढली की पुढची पायरी दिसते. उल्हासनगरच्या इंजिनीअरने पदविकेची परीक्षा पहिल्या वर्गात काढली, तरी त्याला हातात मिळतं ते प्रमाणपत्र. त्यावर कुठलंही नाकं उघडत नाही.

मग तो का शिकतो? मी त्याला हे असंच, जरा उद्धटपणेच विचारलं. तो रागावला नाही. म्हणाला, "ताई, दार बंद असलं तरी किल्ली हरवू नये ना."

शब्दामागची वस्तू

दूरच्या गावाची भाषा शिकताना एक अडचण सतत येते. शब्द हाती लागतो, वस्तू लागत नाही. धड्यात ‘मंघु’ आला. शब्दकोशात अर्थ आहे : घराच्या छपरावरचा वारा पकडायचा झरोका. सिंध हैदराबादच्या उन्हाळ्यात समुद्राकडून नैर्ऋत्येचं वारं सुटतं. ते घरात उतरावं म्हणून प्रत्येक छपरावर त्या दिशेला तोंड करून उभे सांगाडे असत, गावभर एकाच दिशेला बघणारे. जुन्या छायाचित्रांत ते दिसतात. मॅडमनी फोटो फिरवला. कॉलेजातल्या मुलीने विचारलं, "आत उभं राहिलं की वारा डोक्यावर पडतो की अंगावर?" मॅडमना उत्तर देता आलं नाही. त्यांचा जन्मही कॅम्पातलाच.

‘दर्याह’चं तसंच. मराठीत दर्या म्हटला की समुद्र. सिंधीत दर्याह म्हणजे नदी, आणि नुसतं दर्याह म्हटलं की सिंधू. चेटीचंडाला, आपल्या गुढीपाडव्याला लागूनच, सिंधींच्या जलदेवाचा, झुलेलालचा, बहिराणा निघतो. पिठाचा दिवा, फुलं, फळं सजवून, नाचत-गात पाण्यापर्यंत नेतात. पूजा सिंधूची, पाणी मिळेल ते. पाच नंबर कॅम्पात चालिया साहिबच्या मंदिरातली अखंड ज्योत सिंधहून आणलेली आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. चाळीस दिवसांचं व्रत चालतं तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नसते.

झुलेलाल ज्या माशावर बसतो तो पल्लो, बंगाल्यांचा इलिश. समुद्रातून सिंधूत शिरून तो प्रवाहाविरुद्ध वर चढायचा, सख्खरपर्यंत. तिथे नदीतल्या बेटावर जिंदा पीराचं स्थान आहे, पल्लो त्याच्या दर्शनाला जातो अशी कथा आहे. 1955 मध्ये कोटरीला बंधारा झाला आणि माशाची वाट अडली. ही गोष्ट मॅडमनी सांगितली तेव्हा काका हळूच म्हणाले, "म्हणजे त्यालाही व्हिसा नाही."

पण काही वस्तू शब्दासोबत आल्या आणि टिकल्या. त्या बघायच्या तर सकाळी बाजारात जावं. भाजीवालीच्या टोपलीत कमळाचे देठ असतात, चिखल न धुतलेले. उल्हासनगरात त्यांना ‘भे’ म्हणतात. सिंधमधल्या मंछर तलावाची ही खाण्याची सवय. देठ कापला की आत भोकांची चक्री दिसते आणि सुरीला तार लागते. शेजारी टपरीवर डाळ-पकवान. पकवान तळणाऱ्याने मला सिंधीत विचारलं, "घणा?" किती? मी उत्तर दिलं, "ॿ." गळा ओढून. त्याने मान वर करून एकदा बघितलं, दोन पकवान कागदावर ठेवले आणि पुढे माझ्याशी सिंधीतच बोलत राहिला. त्यातलं निम्मं मला समजलं नाही, तरी मी त्याला थांबवलं नाही.

मारुईची लोई

वर्गाच्या दुसऱ्या सत्रात शाह अब्दुल लतीफ येतात. भिटचे शाह, 1689 ते 1752. त्यांचा ‘शाह जो रिसालो’ सिंधी माणसाला आपल्याकडच्या ज्ञानेश्वरी-गाथेच्या जागी आहे, आणि हिंदू-मुसलमान दोघांनाही. तो पहिल्यांदा छापला गेला 1866 मध्ये, जर्मनीत लाइपझिगला, एर्न्स्ट ट्रुम्प या पंडिताच्या हातून. बदलापूरच्या मुलीची जर्मन आणि उल्हासनगरची सिंधी या एका पुस्तकापाशी भेटतात.

रिसाल्यात सुरांप्रमाणे गोष्टी आहेत, त्यांतला एक सूर मारुईचा. थरच्या वाळवंटातल्या गुराख्यांची ही पोर. उमरकोटचा राजा उमर तिला विहिरीवरून पळवून नेतो, किल्ल्यात ठेवतो, रेशीम देतो, दागिने देतो. ती आपली जाडीभरडी लोई, म्हणजे घोंगडी, अंगावेगळी करत नाही, केस धूत नाही. कारण त्या केसांत माहेरची धूळ आहे. शाह लतीफांनी हे अठराव्या शतकातल्या सिंधसाठी लिहिलं. फाळणीनंतर ते कॅम्पात आलं तेव्हा बराकीतल्या बायकांना त्याचा अर्थ कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

उल्हासनगरनेही आपले लेखक दिले. कोटरीला जन्मलेले मोहन कल्पना इथेच राहिले, इथेच लिहीत राहिले. त्यांच्या एका कादंबरीचं नाव ‘जलावतनी’, म्हणजे हद्दपारी. त्यांची पुस्तकं अरबी लिपीत आहेत. ज्या गल्ल्यांत ती लिहिली गेली, त्याच गल्ल्यांतली बहुतेक पोरं ती आज वाचू शकत नाहीत. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त लागलं ते हे. सिंध दूर आहे, ते समजण्यासारखं आहे. पण स्वतःच्या कॅम्पातल्या लेखकाचं पुस्तक हातात घेऊन उलटं-सुलटं बघावं लागणं, ही दूरता सीमेवरच्या कुणी लादलेली नाही. ती आपण सगळ्यांनी मिळून होऊ दिली. त्यात माध्यम बदलणारे पालक आले, आणि शेजारच्या भाषेचं एक अक्षर न शिकलेले माझ्यासारखेही आले.

सिंधी वाक्याचा एक गुण मॅडम नेहमी दाखवतात. ‘चयोमांसि’ हा एक शब्द : मी त्याला म्हटलं. म्हणणं, मी आणि तो, तिघं एकाच शब्दात. सर्वनामं क्रियापदाला शेपटासारखी चिकटतात. "आमच्यात माणूस एकटा सुटत नाही, शब्दातसुद्धा," त्या म्हणतात.

एकदा तर ‘सिंध’ हा शब्दच सुटायची वेळ आली होती. 2005 मध्ये राष्ट्रगीतातून तो काढावा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात होती. प्रदेश आता भारतात नाही, असा मुद्दा. न्यायालयाने ती फेटाळली. काकांना ती बातमी छापून आली तो दिवस आठवतो. दुकानात पेढे वाटले होते म्हणाले.

साॼे पासे

इंजिनीअरच्या घरी गेले तो रविवार होता. दोन नंबर कॅम्प, बॅरेकच्या जागेवर उभी राहिलेली इमारत, तिसरा मजला. आल्या आल्या पापड आणि पाणी पुढे आलं, सिंधी घराची रीत. त्याची आजी सत्त्याऐंशी वर्षांची. शिकारपूरला सिंधी दुसरीपर्यंत शिकली, तोवर निघावं लागलं. अक्षरं तिला येत होती. आता डोळ्यांनी दिसत नाही. बोलणं मात्र खणखणीत, आणि तिचे चारही ध्वनी असे, की मॅडमनी वर्गात वाजवून दाखवावेत.

"अम्मां, हे मराठीत लिहितात," नातवाने माझी ओळख करून दिली. तिने माझा हात हातात घेतला आणि मराठीत विचारलं, "जेवलीस का?"

नातू दर रविवारी तिला एक व्हिडिओ लावून देतो. शिकारपूरच्या ढक बाजारातून कुणीतरी मोबाइल हातात धरून चालत गेलेलं आहे. वरून छत घातलेला लांब बाजार, दोन्ही बाजूंना दुकानं. बोलणं जवळजवळ नाही. पायांचे आवाज, सायकलची घंटा, विक्रेत्यांची आरोळी. तिला पडदा दिसत नाही, म्हणून नातू पाटी आली की व्हिडिओ थांबवतो आणि वाचतो. उजवीकडून डावीकडे, बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत. मिठाई. कापड. अत्तर. एका पाटीवर अडला, ठिपके मोजले, पुन्हा वाचलं. आजीने ओठांतल्या ओठांत शब्द पुरा करून दिला. ती पाटी तिने पाहिलेली नव्हती, नवीनच असणार. पण शब्द तिच्याकडे होता.

असं वीसेक मिनिटं चाललं. मग एका ठिकाणी आजी सावरून बसली. आरोळीतून की पायांच्या घुमण्यातून, तिला काय ओळखू आलं ते मला कळलं नाही.

"साॼे पासे," ती म्हणाली. उजव्या बाजूला.

व्हिडिओतला माणूस सरळ चालत राहिला.

"साॼे पासे, ॿचा," तिने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने.

उजवीकडची गल्ली पडद्याच्या कडेला आली आणि निसटली. नातवाने व्हिडिओ थांबवला, बोटाने मागे सरकवला, गल्लीच्या तोंडाशी आणून ठेवला. तिथल्या भिंतीवर एक छोटी पाटी होती, अर्धी उन्हात. त्याने मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि वाचायला सुरुवात केली.